शुब्रा ते शुरूक एका तासात

५ सप्टेंबर, गुरुवार

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! बत्तीस वर्षांच्या नोकरीत न मोजलेला आकडा कधी तोंडातून काढला नाही, आणि आज पाहुण्यांनी भरलेल्या दिवाणखान्यात काढला.

वाएलकडचे लोक माझ्या मुलीला, नशवाला, रीतसर मागायला आले होते. वाएल, त्याचे वडील हाज शाबान, आई, आणि एक मामा, जो बहुधा फक्त खायला आला होता. मुलगा तसा बरा आहे. लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर. नशवा ज्या औषधाच्या दुकानात काम करते, त्या इमारतीची लिफ्ट तीनदा बंद पडली आणि तिन्ही वेळा दुरुस्तीला हाच आला. तिसऱ्या वेळी लिफ्टला खरंच काही झालं होतं का, याची मला शंका आहे.

सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. बोलणी झाली, सरबत झालं. आता सगळ्यांनी हात पसरून फातिहा वाचली की शब्द पक्का, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात हाज शाबान कौतुकानं म्हणाले, "फ्लॅट तयार आहे, देवाची कृपा! शुरूकला. तिसरा मजला, समोर मोकळं वाळवंट. हवा अशी, की दुपारी आडवा झालेला माणूस संध्याकाळपर्यंत उठायचं नाव घेत नाही."

शुरूक! पार शहराबाहेर! मला शहरातलंच नस्र सिटी सांगितलं होतं. मी बायकोकडे पाहिलं, तर सनिय्या बशीतली बिस्किटं नीट लावत बसली. नशवा पडद्याकडे बघत होती. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, एक मला सोडून.

मग मी म्हणालो, "माझ्या दारापासून तिच्या दारापर्यंत एक तास. त्यात पोहोचता येत असेल तर फातिहा वाचू, नाहीतर नाही."

हाज शाबान हसले. "अहो उस्ताद रिफअत, कैरोतला रस्ता कधी कोणाच्या शब्दात राहिलाय का?"

"ते माझ्यावर सोडा. बारा फेऱ्या करीन, नियमानं मोजीन. आयुष्यभर दुसरं काय केलं मी?"

वाएल उठून उभा राहिला. "मंजूर आहे, काका," म्हणाला. एकतर हा मुलगा अगदी भोळा आहे, नाहीतर त्याला मी भोळा वाटतो.

६ सप्टेंबर, शुक्रवार

सनिय्या बोलत नाही. नशवा बोलते, पण नुसतंच "बाबा, मीठ", "बाबा, फोन". मुलुखियाची पातळ भाजी मात्र नेहमीसारखी झाली होती, लसणाची फोडणी बरोबर बसली होती. यावरून राग फार नसावा.

मी काही मुलीच्या वाईटावर नाही. सत्तावीस वर्षांची पोर, लग्न व्हायलाच हवं. पण माणसानं आपल्या मुलीच्या घरी जायचं तर संध्याकाळी निघून रात्रीच्या जेवणाला परत येता आलं पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा. यात वावगं काय आहे?

८ सप्टेंबर, रविवार

वाएलचा फोन. "काका, कधीपासून मोजायचं?"

म्हटलं, शाळा उघडल्याशिवाय नाही. सुट्टीतला रस्ता हा रस्ताच नव्हे. आमच्या रस्ते-वाहतूक खात्यात सुट्टीत मोजलेलं पान कोणी हातात धरत नसे. तो म्हणाला, "बरोबर आहे, काका." या मुलाला दुसरं काही बोलता येतं की नाही?

२३ सप्टेंबर, सोमवार

पहिली फेरी.

पद्धत लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. एक गाडी, एक चालक, शेजारी एक मोजणारा. आपण जितक्या गाड्या मागे टाकू, तितक्याच गाड्यांनी आपल्याला मागे टाकलं पाहिजे. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, म्हणजे तोल जमला, की समजायचं आपली गाडी रस्त्याच्या चालीनं चालली. मग आपला वेळ तोच रस्त्याचा वेळ. माझ्या अर्ध्या आयुष्यात कैरोचे सगळे मोठे रस्ते मी असेच मोजले.

गाडी आपली जुनी फियाट. चालक मी. मोजायला सनिय्या, कारण दुसरं कोणी तयार होईना. तिनं मांडीवर भाजलेल्या बियांच्या दोन पुड्या घेतल्या. आपण कोणाला मागे टाकलं की उजव्या पुडीतली एक बी डब्यात टाकायची, कोणी आपल्याला टाकलं की डावीतली दुसऱ्या डब्यात. मी म्हटलं, वही-पेन्सिल घे. ती म्हणाली, "मला माझ्या पद्धतीनं करू द्या, नाहीतर तुम्हीच मोजा आणि मी चालवते." तिला गाडी येत नाही.

पाच वाजता शुब्राहून निघालो. रामसेस, सहा ऑक्टोबरचा पूल, नस्र सिटी, मग सुएझ रस्ता. शुरूकच्या दारात सहा एकतीस. म्हणजे एक तास एकतीस मिनिटं.

आपण मागे टाकल्या नऊ. आपल्याला मागे टाकलं एकाहत्तरांनी.

"एकाहत्तर नसतील," मी म्हटलं.

"खरं आहे, जास्त असतील. मधे मी थोड्या बिया खाल्ल्या." मग थांबून म्हणाली, "अहो नशवाचे बाबा, मढं नेणारी गाडीसुद्धा आपल्या पुढे गेली! तिला तरी कसली घाई होती?"

लोक हल्ली वेड्यासारखे चालवतात, त्याला मी काय करणार? आणि मयताच्या गाडीला वाट देणं ही साधी माणुसकी आहे.

२५ सप्टेंबर, बुधवार

दुसरी फेरी. एक तास अडतीस. आज पुलावर एक मायक्रोबसवाला मागून इतका कर्णा वाजवत होता की त्याला शेवटी जाऊ दिलं. त्याच्या मागे बाकीचेही गेले. फळांची गाडी गेली, एक सायकलवाला डोक्यावर पावांची पाटी घेऊन गेला. सनिय्यानं सायकलीचीही बी टाकली. सायकल धरायची नसते, नियमात नाही, असं सांगितलं तर म्हणाली, "नियमात नवराही धरायचा नसतो, पण मी धरलाय ना पस्तीस वर्षं?"

रस्ता खरोखरच बिघडलाय. आमच्या वेळी असा नव्हता.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज विद्यापीठातून डॉक्टर लमिया आल्या. चाळिशीच्या, बारीक, बोलणं घाईचं. मागच्या आठवड्यात फोन आला होता. कैरो, तुनिस, अम्मान, कराची, अशा कितीतरी देशांतल्या शहरांचे जुने वेग त्या गोळा करतायत. शहर वाढलं तसा रस्त्याचा वेग किती बदलला, कुठे कमी झाला, कुठे वाढला, हे त्यांना बघायचंय. आमच्या खात्यानं इमारत बदलली तेव्हा वह्या रद्दीत निघाल्या होत्या. त्यातल्या चव्वेचाळीस वह्या मी घरी आणून कपाटावर ठेवल्या. सनिय्यानं वीस वर्षं त्यांच्यावरची धूळ झटकली आणि माझ्यावर तोंडसुख घेतलं. आज त्या वह्यांना कोणीतरी दोन्ही हातांनी उचललं. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

मी म्हटलं, "लिहा तुमच्या पुस्तकात, कैरो बुडालं. चालत गेलेलं परवडतं."

त्या हसल्या. "वेग कमी झालाय, उस्ताद रिफअत, पण बुडालं नाही. शहर म्हणजे नुसता वेग नव्हे. तुमच्या शुब्रात दहा मिनिटं चाललं की डॉक्टर, शाळा, बाजार, शिंपी सगळं मिळतं. तिथे गाड्या रांगतात, पण माणसाचं काम होतं. उलट काही शहरांत मोठे रस्ते झाले, वेग वाढला. लोक घरी लवकर पोहोचले असतील, असं तुम्हाला वाटेल."

"म्हणजे काय! पोहोचणारच."

"नाही पोहोचले. आणखी लांब राहायला गेले. रस्त्यावरचा वेळ होता तेवढाच राहिला."

मी म्हटलं, कागदावर काहीही दिसतं. वाद घालणार होतो, पण तेवढ्यात त्यांच्या हातात नेमकी चौऱ्याण्णवची हिरवी वही आली. सुएझ रस्ता, रुंदीकरणापूर्वीची मोजणी. शेवटच्या पानावर माझं अक्षर : "रस्ता रुंद केल्यास वाळवंटातील नवी वस्ती शहराच्या एका तासाच्या अंतरात येईल." खाली माझी सही, तारीख, शिक्का.

"बघा," डॉक्टरबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं!"

चहा उकळून वर आला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. सनिय्यानं गॅस आधीच बंद केला होता.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

म्हणजे तो रस्ता मीच मोजला, मीच शिफारस केली, आणि आता त्याच रस्त्यानं माझी मुलगी चालली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. नोकरीत असताना वाटायचं, आपण लोकांना जवळ आणतोय. लोक जवळ आले नाहीत, घरं लांब गेली. आज दिवसभर हेच डोक्यात.

७ ऑक्टोबर, सोमवार

सातवी फेरी. एक तास चौतीस. आपण सहा, ते अठ्ठ्याऐंशी.

नशवा म्हणाली, "बाबा, मी एकदा चालवू का? तुम्हीच शिकवलंत ना मला याच गाडीवर?"

म्हटलं, नको. मोजणीच्या मधे चालक बदलत नसतात.

१० ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टर लमियांचा फोन. अर्धा तास बोलत होत्या. आवाजात इतका आनंद की मला वाटलं त्यांच्या घरात काही शुभकार्य आहे.

"उस्ताद, मी आतापर्यंत अकरा शहरांच्या वह्या पाहिल्या. सगळ्यांनी सगळे आकडे ठेवलेत, बरे-वाईट, खरे-खोटे. तुम्ही एकट्यानंच पानंच्या पानं खोडलीत. लाल रेघ, आणि शेजारी लिहिलेलं, 'तोल नाही. गाडी रस्त्याच्या चालीनं चालली नाही. फेरी रद्द.' एका उन्हाळ्यात चौदा फेऱ्या रद्द केल्यात! एवढ्या उन्हात परत केल्या असणार तुम्ही. तुमच्या आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते."

मी आभार मानले. तब्येत विचारली. फोन ठेवला.

मग माझी आताची वही उघडली. नऊ आणि एकाहत्तर. सात आणि त्र्याऐंशी. सहा आणि अठ्ठ्याऐंशी. माझ्या हाताखालच्या एखाद्या पोरानं अशी पानं आणली असती तर मी त्याला दारातून हाकलला असता.

मी मुद्दाम केलं नाही. देवाशपथ, मुद्दाम केलं नाही. प्रत्येक वेळी काहीतरी कारण होतं. पण सातच्या सात वेळा? पायानं काय केलं ते पायालाच ठाऊक, मी मात्र वहीत रस्त्याच्या नावानं खडे फोडत बसलो.

लाल पेन नशवाच्या टेबलावर मिळालं. सातही फेऱ्या रद्द.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवताना सांगितलं. "सगळं पहिल्यापासून मोजणार. या खेपेला नीट."

सनिय्यानं माझ्या ताटात कोबीच्या पानात भात भरलेल्या आणखी दोन महशी वाढल्या. तिचं पस्तीस वर्षांचं हेच आहे, बोलायचं नसलं की वाढते. नशवा म्हणाली, "बाबा, तुम्ही नीटच मोजत होता की." पोरीनं माझी लाज राखली.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहिली फेरी, खरी. आपण एकतीस, ते तेहतीस. तोल आहे. एक तास आठ.

गाडी पाच वर्षांनी मोकळी धावली. नस्र सिटीच्या पुढे सनिय्यानं दाराची मूठ घट्ट धरली आणि ओरडली, "अहो, मेल्यावर मोजायला कोण राहील?" पण हसत होती.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सहा फेऱ्या पूर्ण. सगळ्यांत तोल आहे, एकही पान खोडावं लागलं नाही. सरासरी एक तास सहा मिनिटं.

सहा मिनिटं वर.

पुन्हा बेरीज केली. नशवाच्या मोबाइलवरही केली. सहासष्ट.

काय गंमत आहे. सात फेऱ्या खोट्या करून जे हवं होतं, ते खरं मोजूनही हातात आलं. आता कोणी मला नावं ठेवू शकत नाही. अट मोडलेली आहे, मी जिंकलो, पोर शुब्रात राहणार. मग मला असं का वाटतंय, की कोणाच्या तरी खिशातून काहीतरी काढून घेतलं?

नशवाला सांगितलं. ती इस्त्री करत होती, माझाच सदरा. वर न बघता म्हणाली, "नीट मोजलंत ना, बाबा?"

"नीट मोजलं."

"मग ठीक आहे." आणि बाही उलटी करून तिच्यावर इस्त्री फिरवत राहिली. ती बाही आधीच झाली होती.

भांडली असती, रडली असती, दार आपटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

वाएल आला. एकटाच. हातात बसबुशा मिठाईचा डबा. मला वाटलं आता गयावया करील, नाहीतर म्हणेल की काका, तुमची गाडी जुनी आहे, मोजणी पुन्हा करा. मी उत्तरं तयार ठेवली होती.

त्यानं वही मागितली. सहाही पानं बारकाईनं वाचली, बियांच्या आकड्यांसकट.

"आकडा खरा आहे, काका," म्हणाला. "हल्ली माझं बरंच काम तिकडच्या नव्या इमारतींत असतं. मी रोज याच रस्त्यानं जातो. मला जायला कधी पासष्ट लागतात, कधी सत्तर."

"हे मला का सांगतोस?" मला राग आला. खरंच आला. "तुझ्या फायद्याचं आहे का हे? म्हणायचं ना, पन्नास मिनिटांत पोहोचतो म्हणून! मी काय तुझ्या मागे येऊन बघणार होतो?"

तो गोंधळला. "पण लागतात ना, काका."

सनिय्या दारात उभी राहून ऐकत होती. त्याला जेवायला थांबवलं. नशवा आतून बाहेर आली नाही आणि त्यानंही एकदासुद्धा आत पाहिलं नाही. शब्द पाळणारा आहे. असा जावई शोधायला गेलो तर सगळा कैरो पालथा घालावा लागेल, आणि तो कुठे राहील, काय सांगावं? पार दक्षिणेला असवानला निघायचा!

तो गेल्यावर फार वाईट वाटलं. आपण अट काढून घेऊ शकतो, हे मला कळत नाही असं नाही. पण हाज शाबानच्या समोर, त्या मामाच्या समोर बोललेला शब्द. आणि अट काढली, तर मग मोजलं कशाला? माझ्या सगळ्या आयुष्याला अर्थ काय?

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

नमाज झाली, जेवण झालं. सनिय्या वही घेऊन शेजारी बसली. तिला वाचायचा कंटाळा, पण चष्मा लावून पानं उलटत होती. मग म्हणाली, "अहो, तुमच्या जुन्या वह्यांत प्रत्येक पानावर दोन रकाने असायचे ना? एकावर जाणे, एकावर येणे?"

"हो. नेहमीच. एका बाजूनं मोजलेला रस्ता अर्धाच मोजलेला असतो."

"मग यात दुसरा रकाना रिकामा का? बारा फेऱ्या म्हणाला होतात, या तर सहाच."

मी म्हटलं, "येताना आपण चहाला थांबतो, तू भाजी घेतेस, मधेच तुझ्या बहिणीकडे जातो. ते कसलं मोजायचं?"

सनिय्यानं चष्मा काढला. "आपलं येणं राहू दे हो. तिचं काय? ती कधी येणारच नाही का आपल्याकडे?"

एवढ्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच चित्र होतं. मी म्हातारा, जुनी गाडी, आणि मी तिच्याकडे निघालोय. दर वेळी मीच निघालोय. तिच्या हातात गाडीची किल्ली आहे आणि ती आपल्या घरी यायला निघाली आहे, हे एकदाही मनात आलं नाही. मुलगी गेली म्हणजे गेली, असंच मी धरून चाललो होतो.

बत्तीस वर्षं मोजणारा माणूस आणि अर्धा रस्ता विसरला!

२७ ऑक्टोबर, रविवार

येण्याची पहिली फेरी. नशवा चालवणार, सनिय्या मोजणार. मला बरोबर यायचं होतं. सनिय्यानं साफ सांगितलं, "तुम्ही गाडीत नकोत. तुम्ही मागच्या सीटवरूनही ब्रेक दाबाल."

दोघी दुपारी गेल्या. पाचला शुरूकच्या दारातून निघताना फोन करणार, असं ठरलं. मी बाल्कनीत खुर्ची घेतली.

कैरोचे सगळे रस्ते मी गाडीत बसून मोजले. वाट बघत बसून कधीच मोजलं नव्हतं. हे फार कठीण काम आहे. दर पाच मिनिटांनी वाटत होतं, आता रामसेसला अडकली असणार. समोरच्या न्हाव्यानं विचारलं, "उस्ताद, कोणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "मुलगी येतेय." असं म्हणताना बरं वाटलं. दुसरा कोणी विचारील का, म्हणून मी रस्त्याकडे बघत राहिलो.

नशवा वर येऊन आधी पाणी प्यायली, मग तिनं पान माझ्या हातात दिलं. तोल आहे. आपण सत्तावीस, ते अठ्ठावीस. बी एकही खाल्लेली नाही, असं सनिय्या शपथेवर म्हणते.

आकडा कोणाला सांगितला नाही. सहा झाल्याशिवाय सरासरी बोलायची नसते.

३ नोव्हेंबर, रविवार

चौथी. संध्याकाळी सगळं शहर नव्या वस्त्यांकडे बाहेर पळतं, आत येणारा रस्ता त्यामानानं मोकळा. चौऱ्याण्णवच्या वहीत मीच लिहिलेलं असणार हे. नशवा रोज काहीतरी सांगते. कुठे पुलाखाली कसं वळायचं, कोणत्या मायक्रोबसवाल्याला जाऊ द्यायचं. चांगली चालवते पोर. मीच शिकवली, पण मी शिकवल्याहून चांगली.

आज न्हाव्यानं स्वतःची खुर्चीसुद्धा बाहेर आणून ठेवली होती. म्हणाला, "आली की सांगा, मीही बघतो."

७ नोव्हेंबर, गुरुवार

शेवटची फेरी. हाज शाबान, त्यांची बायको, वाएल आणि मामा यांना संध्याकाळी बोलावलं होतं, निकाल सगळ्यांसमोर सांगायचा म्हणून. पाच वाजून चार मिनिटांनी सनिय्याचा फोन आला. मी वहीत लिहिलं आणि बाल्कनीत गेलो. वाएल माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

रस्त्यावरचे दिवे लागले. इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोर दोन गाड्या एकमेकांत अडकल्या आणि चार माणसं त्या सोडवायला धावली, म्हणजे आणखी अडकल्या. मी मनात म्हटलं, आज नको रे देवा. मग माझ्या लक्षात आलं, की मी कोणत्या आकड्यासाठी देवाला हाक मारतोय.

सहा वाजता बरोबर आपली गाडी कोपऱ्यावर वळली. छप्पन्न.

सहाही येण्याच्या फेऱ्यांची सरासरी काढली, तीही छप्पन्न. जाण्याचे सहासष्ट. बेरीज एकशे बावीस. तिला दोननं भागायला मला कागद लागत नाही, पण मी कागदावर भागलं, दोनदा भागलं.

आत आलो. नशवा आणि सनिय्या वर आल्या होत्या, नशवाच्या हातात अजून किल्ली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मामाचं तोंडसुद्धा चालायचं थांबलं होतं.

मी वही उघडून उभा राहिलो आणि वाचलं. "शुब्रा ते शुरूक. जाण्याच्या सहा फेऱ्या, येण्याच्या सहा. सगळ्यांत तोल आहे. दोन्ही बाजूंची सरासरी एक तास एक मिनिट."

हाज शाबाननी माळेचा मणी बोटात धरला तो पुढे सरकवलाच नाही. "एकसष्ट म्हणता, उस्ताद? साठ नाही धरता येणार?"

"नाही. एकसष्टला साठ म्हणणारा माणूस मी नाही."

वाएलनं मान खाली घातली. आकडा त्याला पटला होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. नशवा माझ्याजवळ आली. इतक्या दिवसांत प्रथमच तिचे डोळे भरलेले पाहिले.

"एक मिनिट, बाबा?" म्हणाली.

मी वही मिटली, हाज शाबानच्या शेजारी बसलो आणि फातिहेसाठी हात पसरले.

"मग मी घरून एक मिनिट आधी निघत जाईन," मी म्हटलं.